तक्रार पोचावी, नाव फुटू नये



पूर्वी गावात जागल्या असायचा. गाव झोपलं की हातात काठी घेऊन तो गस्त घालायचा, आणि काही वावगं दिसलं की हाळी देऊन गाव उठवायचा. कंपनीतली, कचेरीतली गैर गोष्ट जो उघडकीला आणतो त्याला इंग्रजीत 'व्हिसलब्लोअर' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्यासाठी आपला हा जुना शब्दच घेतला, जागल्या. फरक एवढाच की गावच्या जागल्याला मोठ्यानं ओरडता यायचं. कंपनीतल्या जागल्याला हळू आवाजात, योग्य कानापर्यंत सांगावं लागतं. कारण गैर करणारा कधीकधी त्याचाच साहेब असतो.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना कंपनीचा विषय कशाला? तर आपल्या किती घरांतल्या लेकी-सुना रोज सकाळी कंपनीच्या गाडीत बसून एमआयडीसीत जातात, ते मोजून बघा. त्यांच्या पगारावर आपल्या गटाचे हप्ते येतात. त्यांना तिथे काही चुकीचं दिसलं, तर त्या पहिल्यांदा आईला सांगतात. आणि आई काय सांगते? "गप बस बाई, आपल्याला काय करायचंय!" मीही बरेच दिवस हेच सांगत होते.

एका ताईची लेक

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक खाण्याचे पदार्थ पॅक करणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागली होती. कोणता माल, कोणतं गाव, हे मी सांगणार नाही. गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते आहे, आणि तिची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

बाजारातून परत आलेला माल तिच्या लाइनवर यायचा. पाकिटावरची छापील तारीख थिनरच्या बोळ्यानं पुसायची, आणि मशिनवर नवी तारीख मारायची. सुपरवायझर म्हणायचा, "वरून ऑर्डर आहे." चार दिवस तिनं केलं. पाचव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिच्या मनात आलं की हीच पाकिटं गावच्या दुकानात येतात, आणि आपला भाचा ती खातो.

ताईंनी बैठकीत हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. पोरीच्या स्कूटीसाठी आपल्याच गटातून कर्ज घेतलेलं. "नाव कळलं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बसवील. मग हप्ता कोण भरणार?" कुणीच काही बोललं नाही. कारण हप्ता थकला तर तो आम्हा सगळ्यांचाच थकणार होता. शेवटी कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या आजी बोलल्या, "हप्ता मागंपुढं व्हईल. पोराच्या पोटात गेलेलं माघारी येतंय का?"

त्या दिवशी आम्ही ठरवलं की सांगायचं. पण कसं, कुणाला, आणि नाव न फुटता? तिथून आम्ही जे शिकलो तेच आज सांगते.

कंपनीवर कायद्याचं बंधन आहे

पहिली गोष्ट, मोठ्या कंपनीनं तक्रार ऐकून घेणं ही मेहेरबानी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ मध्ये त्यासाठी 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे दक्षता यंत्रणा, ठेवायला सांगितलं आहे. तीन प्रकारच्या कंपन्यांना ती सक्तीची आहे. ज्यांचे शेअर शेअर बाजारात विकले जातात त्या. लोकांकडून ठेवी घेणाऱ्या. आणि बँका व सरकारी वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या. नावाजलेल्या बहुतेक कंपन्या यांतल्या एकात तरी बसतात.

या यंत्रणेत दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. एक, तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये म्हणून पुरेसं संरक्षण. दुसरी, तशीच गरज पडली तर कर्मचाऱ्याला थेट 'ऑडिट कमिटी'च्या अध्यक्षांकडे जाता आलं पाहिजे. ऑडिट कमिटी म्हणजे संचालक मंडळातली, हिशेब तपासण्यावर लक्ष ठेवणारी समिती. म्हणजे तुमचा सुपरवायझर, त्याचा मॅनेजर, त्याचाही साहेब, सगळे ओलांडून वर जायची एक वाट कायद्यानंच ठेवली आहे. आणि ही यंत्रणा कशी चालते ते कंपनीनं आपल्या वेबसाइटवर लिहायचं असतं. वेबसाइट असेल तर.

ही वाट कुठून आली तेही ऐका, कारण त्यात बायकांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत वर्ल्डकॉम नावाची मोठी टेलिफोन कंपनी होती. तिथे सिंथिया कूपर हिशेब तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांना हिशेबात गडबड दिसली. वरच्या साहेबानं तपास लांबवायला सांगितलं, तरी त्या आणि त्यांचे सहकारी काम चालूच ठेवून होते, कुणाला दिसू नये म्हणून रात्रीही बसत होते. जून २००२ मध्ये त्यांनी ती गोष्ट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपुढे ठेवली, आणि सुमारे ३८० कोटी डॉलरचा खोटा हिशेब बाहेर आला. एन्रॉन नावाच्या दुसऱ्या कंपनीत शेरॉन वॉटकिन्स यांनी २००१ मध्ये आधी नाव न घालता साहेबांना पत्र लिहून सावध केलं होतं. त्याच २००२ साली अमेरिकेनं कायदा केला की हिशेबाबद्दलची तक्रार नाव न देता, गुप्तपणे करायची सोय ऑडिट कमिटीनं केलीच पाहिजे. वर्षअखेर 'टाइम' साप्ताहिकानं वर्षाच्या मानकरी म्हणून तीन जागल्यांना निवडलं. कूपर, वॉटकिन्स आणि तिथल्या तपास यंत्रणेतल्या कोलीन राउली. तिघीही बायकाच.

गुप्त आणि निनावी यांत फरक आहे

हा फरक नीट समजून घ्या, कारण इथेच घोटाळा होतो.

गुप्त तक्रार म्हणजे तुम्ही नाव सांगता, पण ते ऐकणाऱ्या एक-दोन माणसांपाशीच राहतं. निनावी तक्रार म्हणजे तुम्ही नाव सांगतच नाही.

निनावीत भीती कमी. पण तपास करणाऱ्याला पुढचा प्रश्न पडला तर विचारायचं कुणाला? म्हणून निनावी तक्रारीत माहिती फार नेमकी लागते. गुप्त तक्रारीत विचारपूस करता येते, काम लवकर होतं, आणि पुढे छळ झाला तर 'तक्रार मी केली होती' हे दाखवताही येतं. पण त्यासाठी समोरच्यावर विश्वास पाहिजे.

बऱ्याच मोठ्या कंपन्या यावर मधला मार्ग काढतात. तक्रारीचा फोन त्या बाहेरच्या संस्थेकडे सोपवतात. तुम्ही टोल फ्री नंबर लावला की तो कंपनीत वाजत नाही, त्या संस्थेत वाजतो. नाव द्या किंवा देऊ नका. ते तुम्हाला एक तक्रार क्रमांक आणि पासवर्ड देतात. काही दिवसांनी तोच क्रमांक सांगून परत फोन केला की तपास करणाऱ्यांचे प्रश्न तुम्हाला कळतात, आणि उत्तरं देता येतात. नाव मात्र कुणालाच कळत नाही. हा क्रमांक हरवला तर तुमचा दोरा तुटला असं समजा. हजेरी कार्डावर लिहू नका, घरी डब्यात ठेवा.

आमच्या पोरीच्या कारखान्यात असा नंबर होता का? होता! कॅन्टीनच्या दाराआड एक कागद लावलेला, इंग्रजीत. रोज त्याच्यासमोर ती हात धुवायची. फोन लावला तर पलीकडची बाई हिंदीत बोलली, आणि शांतपणे सगळं लिहून घेतलं.

काय सांगायचं, कसं सांगायचं

फोनच्या आधी आम्ही कागदावर मुद्दे काढले. काय घडलं, कुठे, कधी, किती वेळा, कुणी सांगितलं, आपण डोळ्यांनी बघितलं की कुणाकडून ऐकलं, आणि कंपनीनं कुठे बघितलं म्हणजे खरं-खोटं कळेल. तिनं अकरा दिवस रोज घरी आल्यावर वहीत लिहिलं होतं. तारीख, शिफ्ट, पाकिटावरचा बॅच नंबर. पुढे तिला हीच वही उपयोगी पडली.

"तिथे भ्रष्टाचार चालतो" असं सांगितलं तर कुणी काही करू शकत नाही. "अमुक तारखेला दुसऱ्या शिफ्टला, तीन नंबरच्या लाइनवर, या बॅचच्या पाकिटांची तारीख पुसली" असं सांगितलं तर तपास करणारा थेट तिथेच जातो.

आणि शब्दांतून नाव फुटतं, हे लक्षात ठेवा. तिनं पहिल्यांदा लिहिलं होतं, "माझ्या उजव्या हाताला बसणारी मुलगी बोळा देते." हे वाचून कुणीही ओळखलं असतं की लिहिणारी कोण! दुसरं वाक्य होतं, "सुपरवायझर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाला." जे एकटीलाच सांगितलं, ते लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच. दोन्ही वाक्यं काढली. बाकी मजकूर तसाच ठेवला, तरी तक्रारीचं वजन कमी झालं नाही.

आणखी चार गोष्टी सांभाळा. कंपनीच्या फोनवरून, कॉम्प्युटरवरून, कंपनीच्या वायफायवरून तक्रार करू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, लाइनवरच्या जिवलग मैत्रिणीलाही आधी सांगू नका. जिथे फोन न्यायला बंदी आहे तिथे चोरून फोटो काढू नका, कागद उचलून आणू नका. त्याच कारणावरून तुम्हाला काढता येतं. आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगा. कुणावर राग काढायला पुन्हा पुन्हा पोकळ तक्रारी केल्या तर ऑडिट कमिटीला समज देता येते, तेही नियमात आहे. मात्र खऱ्या मनानं केलेली तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

एक पक्कं विचारून घ्या. कायदा कर्मचारी आणि संचालक यांच्याबद्दल बोलतो. बऱ्याच कंपन्या ठेकेदाराची माणसं, माल पुरवणारे यांनाही ही सोय देतात, पण सगळ्याच नाही. आपल्या कंपनीचं धोरण मराठीत वाचून घ्या. आपल्या गटाचे पापड-मसाले एखादी मोठी कंपनी घेत असेल, आणि तिथला माणूस ऑर्डर देण्यासाठी हात ओले करायला सांगत असेल, तर माल पुरवणारे म्हणून आपल्यालाही ही वाट खुली आहे का, ते बघा.

प्रत्येक दुखण्याला वेगळं दार

सगळ्या तक्रारी एकाच नंबरवर जात नाहीत.

लैंगिक छळ झाला तर त्यासाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे 'अंतर्गत समिती' असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सभासद बाया, आणि एक सभासद बाहेरची. ठेकेदाराची, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्या जणी या कायद्यात येतात. तक्रार लेखी द्यायची, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना त्याची किंवा तुमची बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. इथे तक्रार निनावी राहत नाही, समोरच्याला तिची प्रत जाते. पण तुमचं नाव बाहेर जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या 'स्थानिक समिती'कडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हेच दार.

आणि ही वाट कुणी दाखवली माहीत आहे? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींनी. सरकारच्या साथिन म्हणून त्या बालविवाह थांबवत होत्या, त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर बलात्कार झाला. त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. आजचा कायदा त्या निकालावर उभा आहे. खेड्यातली, आपल्यासारखीच गावोगाव फिरणारी बाई ती.

केंद्र सरकारची कंपनी किंवा सरकारी बँक असेल, तर दिल्लीच्या केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. तिला 'पीआयडीपीआय' तक्रार म्हणतात. लिफाफा बंद करायचा, त्यावर ठळक 'पीआयडीपीआय' लिहायचं, लिफाफ्यावर आपलं नाव-पत्ता घालायचा नाही. आतल्या पत्रात मात्र नाव-पत्ता लागतो, निनावी पत्र तिथे चालत नाही. आयोग तुमचं नाव काढून घेतो आणि मजकूर तेवढा पुढे पाठवतो.

या व्यवस्थेमागे एका तरुण इंजिनिअरची आठवण आहे. सत्येंद्र दुबे बिहार-झारखंडकडे राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर होते. कामातला भ्रष्टाचार त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पण पत्र त्यांच्या नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळी घालून हत्या झाली. तपासात ती लुटीची घटना ठरली. पण नाव गुप्त ठेवायला सांगूनही ते फिरलं, याची चीड देशभर उठली, आणि २००४ मध्ये ही दक्षता आयोगाची सोय झाली. नाव जपणं ही किती मोठी जबाबदारी आहे, ते यावरून समजा.

कारखान्यात जिवाला धोका असेल, यंत्राला जाळी नसेल, तर कारखाना निरीक्षकाकडे जाता येतं. आणि कोणत्या दाराला जायचं तेच कळत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा देशभराचा फोन १५१०० आहे.

पुढे काय झालं

फोन केल्यावर दोन आठवडे काहीच नाही. पोर रोज ताईंना विचारायची, "आई, चूक केली का गं?" मग तिनं क्रमांक सांगून पुन्हा फोन केला. पलीकडून प्रश्न होते, बॅच नंबर कोणते, नवी तारीख मारायचं मशिन कुठे ठेवतात. वही उघडून तिनं उत्तरं दिली.

सात आठवड्यांनी दुसऱ्या गावच्या कारखान्यातून दोन माणसं आली. त्यांनी सगळ्या लाइनवरच्या सगळ्या मुलींशी एकेक करून बोलणं केलं, फक्त तिच्याशी नाही. शहाणे तपास करणारे असंच करतात, म्हणजे बोट एकीकडे जात नाही. पुढच्या महिन्यापासून परत आलेला माल वेगळ्या खोलीत कुलपात राहू लागला, आणि दुसऱ्या विभागाच्या सहीनं नष्ट होऊ लागला. सुपरवायझर दिसेनासा झाला. तिला फोनवर एकच वाक्य मिळालं, "चौकशी पूर्ण, कार्यवाही केली आहे." कुणाला काय शिक्षा झाली ते सांगत नाहीत. त्यानं तिला वाईट वाटलं.

सगळं गोड झालं असंही नाही. त्या लाइनच्या सहाही जणींना दोन महिने रात्रपाळी लागली. मुद्दाम लावली की कामामुळे, ते आजवर कळलेलं नाही. तिनं त्याच्याही तारखा वहीत लिहून ठेवल्या. तक्रारीनंतर पाळी बदलली, ओव्हरटाइम बंद केला, ठेका वाढवला नाही, असं काही झालं तर तीही वेगळी तक्रार होते, आणि त्याच क्रमांकावर सांगता येते.

ती आजही तिथेच कामाला आहे. हप्ता पाच तारखेला येतो.

आपल्या गटाचं काम

मैत्रिणींनो, त्या दिवशी बैठकीत बारा बाया होत्या. बाराही जणींनी तोंडाला कुलूप लावलं, नवऱ्याला नाही, जावेला नाही. माझ्या मते त्या पोरीचं खरं संरक्षण तेच होतं. कायदा वाट दाखवतो, पण नाव बहुतेक वेळा गावातूनच फुटतं, नळावर आणि एसटी स्टँडवर.

म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टी करा. ज्यांच्या लेकी-सुना कंपनीत जातात त्यांना सांगा, तक्रारीचा नंबर आणि अंतर्गत समितीच्या बायांची नावं कुठे लावली आहेत ते बघून या. इंग्रजीत असेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मराठीत उतरवून घ्या. दुसरी, कुणी विश्वासानं काही सांगितलं तर ते बैठकीच्या वहीत नावानिशी लिहू नका. आणि तिसरी, हाच नियम आपल्यालाही लावा. आपल्या गटाच्या पैशाबद्दल एखाद्या सभासदाला शंका आली, आणि शंका अध्यक्ष-सचिवांबद्दलच असली, तर तिनं कुणाकडे जायचं? ग्रामसंघातल्या दुसऱ्या गटाच्या दोन बाया आधीच ठरवून ठेवा, आणि त्यांची नावं सगळ्यांना सांगा. माझ्याबद्दल शंका असेल तर माझ्यापर्यंत यायच्या आधी कुठे जायचं, तेही त्यात लिहा. मी आमच्या गटांत तसं लिहून दिलं आहे.

घरी लेक म्हणाली, "आई, एक सांगू?" तर हातातलं काम ठेवा, दार लोटून घ्या, आणि आधी ऐका.